तीन व्हरांडे

जालन्यात ओळखीचा माणूस भेटला की मास्तर "कसा आहेस" असे विचारीत नसत. ते विचारीत, "व्हरांडा किती तुझा?"

समोरचा माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला असेल तर तो आकडा सांगे. अडुसष्ट. एकसष्ट. सत्तावन्न. मास्तर मान हलवीत आणि पुढे जात. मस्तगडात दुकानांच्या पायऱ्यांवर, स्टेशनात तिकिटाच्या खिडकीपाशी, एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप चालू असताना मी हा सवालजवाब ऐकलेला आहे. नातवाला कडेवर घेतलेला एक कापडवाला आकडा सांगण्यासाठी गादीवरून उठून उभा राहिला होता. माझा आकडा साठ.

आकड्याचा अर्थ असा. शाळेच्या दर्शनी बाजूला बारा कमानींचा व्हरांडा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेहमीच्या चालीने चालायचे आणि पावले मोजायची. जितकी पावले, तितका तुमचा व्हरांडा. सहावीच्या प्रत्येक मुलाला हा आकडा काढावा लागे, आणि एकदा तो निघाला की मास्तर मुलाला नावापेक्षा आकड्यानेच अधिक ओळखत. वर्गात एकाच आकड्याचे दोघे निघाले तर ते त्यांना वर्षभर शेजारी बसवीत. त्याचे कारण त्यांनी कधी सांगितले नाही.

ते भूगोल आणि भूमिती शिकवीत. हसनाबादच्या शेतकरी घरातले. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, पायात मात्र गावाकडच्या जाड वहाणा. हेडमास्तरांनी एकदा बुटांचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "बुटातल्या माणसाला आपली चाल कळत न्हाई, साहेब." हेडमास्तरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

शाळेला गावात इंग्रजी शाळा म्हणत. तिथे इंग्रजी हा एकच विषय इंग्रजीत शिकवला जाई. बाकी सगळे, निजामाचे राज्य असल्यामुळे, उर्दूत, आणि समजावून सांगणे मराठीत. इमारत छावणीतल्या फौजेची. फौज गेली, इमारत उरली, तिच्यात मुले बसू लागली. नेमकी कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हते. दप्तरातल्या जुन्या कागदांना वाळवी लागली होती, आणि ज्यांना माहीत असेल ती माणसे हयात नव्हती. इतर मास्तरांना याचे काही वाटत नसे. आमच्या मास्तरांना मात्र ते सहन होत नव्हते.

दर वर्षी नवी मुले आली की ते त्यांना रांगेने शाळा दाखवीत. ही फेरी मी विद्यार्थी म्हणून एकदा आणि नंतर केवळ कुतूहलाने दोनदा केली. तिन्ही वेळी त्यांनी तेच शब्द तेवढ्याच जागी उभे राहून सांगितले. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटे, एक पितळी तराजू आणि फौजेने मागे ठेवलेला, पारा गळून गेलेला वायुभारमापक. "हा मेलेला हाये. पर मेलेल्याकडूनही शिकता येतं. पारा कुठून गेला ते शोधा." ग्रंथालय म्हणजे गोऱ्या साहेबांची दारू ठेवायची खोली, जाड भिंतींमुळे ती उन्हाळ्यातही गार असे, आणि वाचायला कमी, झोपायला जास्त मुले तिथे येत. वसतिगृह म्हणजे घोड्यांचे तबेले. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच होत्या आणि भोकरदनकडची मुले त्यांत टॉवेल अडकवीत. मागे मलखांब, विहीर, चिंच. शेवटी मैदान. मैदानाच्या उत्तरेला बाभळीच्या काट्यांचे कुंपण आणि कुंपणापलीकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना. हंगामात तिकडून कापसाचे तंतू उडत येत आणि हॉकी खेळून घामेजलेल्या मुलांच्या मिशा फुटायच्या जागी चिकटत.

मैदानाच्या कडेला मास्तर थांबत आणि आवाज खाली आणून सांगत, "हे मैदान तीन व्हरांडे हाये. कमी न्हाई, जास्त न्हाई. बांधणाऱ्यानं हिशेब करून बांधलंय."

हा त्यांचा शोध होता. नोकरीवर रुजू झाले त्याच वर्षी ते स्वतः चालले होते. व्हरांडा चोपन्न, मैदान एकशे बासष्ट. बरोबर तिप्पट. मग त्यांनी विहीर मोजली, ती व्हरांड्यापासून अर्ध्या व्हरांड्यावर निघाली. तबेले एक व्हरांडा लांब. कोणा अनोळखी इंजिनिअरने सगळी जागा एका मापात बसवली होती, आणि ते माप आपल्याला सापडले, याचा आनंद त्यांना आयुष्यभर पुरला. ते शाळेचा इतिहास लिहीत होते. जाड पुठ्ठ्याचे एक रजिस्टर होते, त्यावर "तवारीख" असे लिहिलेले. ऐकीव गोष्ट त्यात जायची नाही असा नियम असल्यामुळे पाने फार भरली नव्हती. पहिले वाक्य मी वाचलेले आहे: "या शाळेचे मैदान तीन व्हरांडे आहे."

इतिहासाचे कागद नाहीत, तर यापुढचे तरी असावेत, म्हणून त्यांनी मापणी सुरू केली. बहमन महिन्यात, म्हणजे डिसेंबराच्या सुमारास, सहावीच्या प्रत्येक मुलाने सगळी शाळा पावलांनी मोजायची आणि नकाशा काढायचा. कोपऱ्यात नाव, वर्ष, आणि आपला व्हरांडा. दहा मार्कांचा नकाशा. जमीनमोजणीची साखळी सरकारी कचेरीतून सहज मिळाली असती. मास्तरांना ती नको होती. "साखळी ताणली की ताणते. पाऊल ताणलं तर पोराला कळतं."

यात एक अडचण होती. काही मुलांचे मैदान तीन व्हरांडे भरत नसे.

मास्तरांनी त्यावर विचार केला होता. व्हरांड्यात सावली असते, पोरगं नीट चालतं. मैदानात ऊन असतं, लांब पल्ला असतो, पोराला घाई होते, ते ढांगा टाकू लागतं. ढांग मोठी म्हणजे आकडा लहान. उपपत्तीत चूक काढायला जागा नव्हती. म्हणून आकडा कमी आला की ते म्हणत, "घाई केलीस. फिर जा." मुलगा परत जाई. पुन्हा कमी आला तर पुन्हा परत.

मी एकशे एकाहत्तर घेऊन गेलो होतो. साठाचे तिप्पट एकशे ऐंशी.

"घाई केलीस," मास्तर म्हणाले.

दुसऱ्यांदा चाललो. एकशे एकाहत्तर. चिंचेखाली सातवीतला एक मुलगा शेंगा सोलत बसला होता. त्याने मला हाक मारली.

"कितीदा झालं रे?"

"दोनदा."

"मंग येड्या, चालून काय राह्यला? व्हरांड्याचे तिप्पट कर अन् दे. आम्ही सगळ्यांनी तेच केल्तं."

मी कुंपणापर्यंत गेलो, छोटी छोटी पावले टाकत परत आलो, आणि एकशे ऐंशी सांगितले. मास्तरांनी पाठ थोपटली. दहापैकी दहा. आमच्या वर्गात सगळ्यांनाच दहा मिळाले. ही युक्ती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जुन्या पुस्तकांसारखी येत असे आणि तिच्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मास्तर खूश होत, मुले सुटत. एवढेच पाहिले जाई.

एखाद्या वर्षी एखादे पोर मात्र हट्टी निघे. त्याला मास्तर लाल शाईने सिफर देत. सिफर म्हणजे शून्य.

महायुद्ध चालू होते त्या काळात शिक्षण खात्याचे निरीक्षक आले. त्यांनी मैदान पाहिले. दोन्हीकडचे गोल कडांना टेकले होते. उत्तरेचा गोलकीपर मागे सरकला की त्याची पाठ काट्यांना लागे. निरीक्षकांनी शेरा लिहिला की मैदान नियमाप्रमाणे पुरेसे नाही, आणि ते पुरेसे झाले नाही तर शाळेचा दर्जा फौकानियावरून वस्तानियावर आणावा. फौकानिया म्हणजे हायस्कूल, वस्तानिया म्हणजे मिडल. शब्द मोठे होते, परिणाम साधा होता. सातवीनंतर पुढे शिकायचे तर औरंगाबादला जावे लागणार. ज्यांना जमेल ते जातील. बदनापूर, हसनाबादकडून तबेल्यांत राहायला येणारी मुले जाणार नाहीत.

मैदान कमी का झाले याचे उत्तर हेडमास्तरांना दिसत होते. बाभळीचे कुंपण दर वर्षी कुजते. दर दसऱ्याला जिनिंगचे गडी नवे काटे रोवतात, ते थोडे अलीकडे. हेडमास्तरांनी सरकारात अर्ज केला. एक अधिकारी जागेचा मौका पाहायला आला, आणि पेशी, म्हणजे सुनावणी, शाळेच्या व्हरांड्यातच झाली. मी तेव्हा औरंगाबादच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे, म्हणून वही घेऊन बसलो होतो. कामकाज उर्दूत झाले. मी ते मराठीत देतो आहे. मास्तर मात्र काही वेळाने मराठीतच बोलू लागले आणि त्यांना कुणी अडवले नाही.

जिनिंगचे शेठ स्वतः आले होते. माणूस बोलायला मोकळा होता. "कुंपण गडी घालतात, हुजूर. मी काय पट्टी घेऊन मागे उभा राहतो का? त्यांना जिथं जुनी भोकं दिसतात तिथं घालतात."

शाळेकडे जागेचा जुना कागद नव्हता. होते ते मास्तरांचे नकाशे. वीस वर्षांचे, वर्षवार बांधलेले, शेकड्याने. मास्तरांनी ते टेबलावर ठेवले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षे गावाने ज्या कागदांची चेष्टा केली ते आज कामाला आले होते. प्रत्येक नकाशावर मैदान तीन व्हरांडे.

शेठच्या वकिलाने वरचा एक कागद उचलला. तो शेरवानीतला, हळू बोलणारा माणूस होता.

"मास्टरसाब, हा नकाशा कधीचा?"

"मागच्या महिन्यातला."

"तेव्हा आमचं कुंपण कुठे होतं?"

"आता हाये तिथंच."

"पक्कं?"

"दसऱ्यापासून तिथंच हाये. बिलकुल हललं न्हाई."

"आणि या नकाशात मैदान किती?"

"तीन व्हरांडे."

वकील अधिकाऱ्याकडे वळला. "हुजूर, एकदा चालून बघावं. आमची एवढीच विनंती आहे."

अधिकारी उठला. आधी व्हरांडा चालला, मग मैदान. पेशकार, म्हणजे त्याचा कारकून, मागून मोजत होता. व्हरांडा बावन्न. मैदान एकशे तीस.

"बावन्नाचे तिप्पट एकशे छप्पन," वकील म्हणाला. "मैदान अडीच व्हरांडेच आहे. मागच्या महिन्यातही एवढंच होतं, मास्टरसाब स्वतः सांगतात. तरी त्यांच्या प्रत्येक मुलानं तीनच लिहिलं आहे. म्हणजे मुलं चालत नाहीत, हुजूर. मुलं तिप्पट करून लिहितात. आजची मुलं तसं करत असतील तर वीस वर्षांपूर्वीच्या मुलांनी वेगळं काय केलं असेल? हे नकाशे नाहीत. हा तीनचा पाढा आहे."

लोक हसले. शेठही हसले, पण तोंडावर उपरणे धरून. हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, हे काय?"

 मास्तर उठले आणि चालू लागले. आधी व्हरांडा. मग मैदान, त्यांच्या नेहमीच्या चालीने, घाई न करता. कुंपणापाशी पोचल्यावर ते पाठमोरे बराच वेळ उभे राहिले. गेली अनेक वर्षे ते स्वतः चालले नव्हते, हे मला तेव्हा समजले. त्यांनी एकदा मोजले होते, आणि नंतर फक्त मुलांचे तपासले होते.

परत येऊन ते म्हणाले, "चोपन्न आन एकशे पस्तीस. वकीलसाहेब बराबर बोलून राह्यले. मला अर्धा घंटा द्या, हुजूर."

ते दारूच्या खोलीत, म्हणजे ग्रंथालयात गेले आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले एक छोटे गाठोडे घेऊन आले. कागद फाडणे त्यांना जमत नसे. गाठोड्यावर चिठ्ठी शिवलेली होती: "घाईची पोरे."

"हे काय?" अधिकाऱ्याने विचारले.

"सिफर दिलेले नकाशे, हुजूर. ज्यांनी तीन लिहिलं न्हाई, त्यांचे."

पेशकार एकेक कागद वाचू लागला. वर्ष, मुलाचा व्हरांडा, मुलाचे मैदान. मग अधिकारी भागाकार करी आणि आकडा बोले. अकरा कागद होते, नऊ वेगवेगळ्या वर्षांचे. पहिला तीनला किंचित कमी. पुढचा त्याहून कमी. त्यापुढचा आणखी कमी. वेगवेगळ्या वर्षांतली मुले एकमेकांना ओळखत नव्हती, कुणाची चाल कुणासारखी नव्हती, पण आकडा खाली आला तो आलाच. मध्ये एकदाही वर गेला नाही. शेवटचा अडीचला येऊन टेकला. हसणारे लोक पुढे सरकून ऐकू लागले.

प्रत्येक कागदावर लाल शाईत सिफर होते आणि खाली शेरा. "घाई." "पुन्हा चाल." "हट्टी." एका कागदावर शेऱ्याखाली पेन्सिलीने मुलाने उत्तर लिहिले होते. पेशकाराने तेही वाचले: "तीनदा चाललो सर. तेवढेच येते."

वकील म्हणाला, "हुजूर, हे कागद आता तयार केलेले नसतील कशावरून?"

अधिकाऱ्याने एक कागद उजेडाकडे धरला. "वकीलसाहेब, स्वतःसाठी पुरावा रचणारा माणूस त्याच्यावर सिफर कशाला देईल?"

मग त्याने मास्तरांना विचारले, "आणि पहिल्या वर्षी तीन होतं, हे तरी खरं कशावरून? तेव्हाही मुलांनी पाढाच म्हटला नसेल?"

"त्या वर्षी मागचा आकडाच नव्हता, हुजूर. पोरांना मिळवायचं कशाशी? मी स्वतः चालल्तो. पोरंही चालली. समद्यांचं तीन आलं, न सांगता." मास्तर कागद वर्षवार मांडू लागले. "त्याच्यानंतर आलं ते मी आणलं. आमच्या हसनाबादला बांध कोरणारा एका दिवसात कोरत न्हाई. दर नांगरटीला नांगराचं एक तास पुढं सरकतो. शेजाऱ्याला वाटतं, आपलेच डोळे गेले. मी त्या गावचा. आन माझ्या डोळ्यांदेखत झालं. पोरं दर साली येऊन सांगत होती. ज्यानं सांगितलं त्याला मी सिफर दिलं. ज्यानं खोटं लिहिलं त्याला दहा दिले."

ते बोलत असताना त्यांनी नऊ वर्षांचे कागद ओळीने मांडले होते. मध्ये रिकाम्या जागा होत्या. एका जागेवर बोट ठेवून ते म्हणाले, "या साली सिफरच न्हाई. या साली समदी पोरं हुशार होती." ते माझे वर्ष होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी वहीत काहीतरी लिहीत राहिलो.

निकाल महिन्याभराने आला. कुंपण तीन व्हरांड्यांवर न्यावे. हंगाम संपल्यावर जिनिंगच्या गड्यांनी काटे काढले, आणि शेठने मास्तरांना निरोप पाठवला की यंदा कुठे रोवायचे ते येऊन दाखवा. मास्तर चालत गेले आणि एकशे बासष्टाव्या पावलावर उभे राहिले. शाळा फौकानियाच राहिली. मी बारा ओळींची बातमी पाठवली. तीत अधिकारी, वकील, निकाल, सगळे होते. दहा मार्क मिळालेल्यांचा उल्लेख नव्हता.

पुढची मापणी मी मुद्दाम पाहायला गेलो. मास्तरांनी पद्धत बदलली होती. मुले चालत असताना ते मैदानाकडे पाठ करून चिंचेकडे तोंड करून बसले. कुणाला मागचा आकडा सांगितला नाही. मुलगा येऊन आकडा सांगे, ते लिहून घेत. एकाने आपण होऊन विचारले, "सर, बराबर हाये का?" ते म्हणाले, "मला काय माहीत? तू चालल्तास."

मग ते मार्क बदलायला निघाले.

अकरा मुलांना सिफर दिले होते, ते दुरुस्त करायला हवे होते. त्यांतल्या पुष्कळांना आता मुले होती. हे काम कुणी सांगितले नव्हते आणि त्याचा उपयोग कुणालाच नव्हता. सुटीच्या दिवशी मास्तर लाल शाईची दौत कोटाच्या खिशात उभी धरून निघत. बदनापूरच्या स्टेशनात मालधक्क्यावर एक जण कारकून होता. त्याचे काम संपेपर्यंत मास्तर पोत्यांवर बसून राहिले. "तीनदा चाललो सर" लिहिणारा हसनाबादलाच शेती करत होता. त्याची हकिगत मला त्यानेच सांगितली. तो औत धरून होता. मास्तर ढेकळांतून चालत आले.

"व्हरांडा किती तुझा?"

"चौसष्ट. काय काम काढलं, मास्तर?"

"तुझे दहा मार्क राह्यलेत माझ्याकडं." त्यांनी कागद पुढे केला. सिफरावर काट मारलेली होती.

"आता मार्क घेऊन काय करू? बैलाला दाखवू?"

"दाखव. पर दहा हायेत."

तो म्हणाला की त्याने हसत हसत कागद घेतला, आणि मग त्याला पुढे औत धरवेना. म्हणून दोघे बांधावर बसले आणि भाकरी खाल्ली. "त्या सिफरापायी मी शाळा सोडल्ती," तो मला म्हणाला. "बापाला वाटलं पोरगं ढ हाये. मास्तरला ते सांगितलं न्हाई मी." मीही मास्तरांना ते सांगितले नाही. त्यांना ठाऊक होते की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

मी पुढे हैदराबादला एका दैनिकात लागलो. पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य गेले, गाड्या पुन्हा नीट धावू लागल्या. त्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मास्तर कचेरीत आले. बगलेत गाठोडे, पायात त्याच वहाणा. शाळेत नवे लोक येणार होते, जुने उर्दू कागद रद्दीत निघत होते, म्हणून नकाशे त्यांनी आधीच घरी नेले होते. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. हे सगळे त्यांनी उभ्यानेच सांगितले. मग म्हणाले,

"व्हरांडा किती तुझा?"

"साठ."

"मैदान?"

"एकशे ऐंशी."

"ते कागदावर मलाही दिसून राह्यलं." त्यांनी गाठोड्यातून माझा नकाशा काढून टेबलावर ठेवला. चिंच मी फार मोठी काढली होती. कोपऱ्यात लाल दहा. "तू चालल्तास किती?"

आजूबाजूला टाइपरायटर चालू होते. मी म्हणालो, "एकशे एकाहत्तर. दोनदा."

मास्तर खाली बसले. त्यांनी तवारीख उघडली. वर्षवार कोष्टक होते; काही घरे भरलेली, काही रिकामी. "तुझ्या सालच्या सतरा जणांना विचारलं," ते म्हणाले. "कोणाच्याच ध्यानात न्हाई. तिप्पट समद्यांना पाठ." त्यांनी माझ्या वर्षाच्या घरात आकडा लिहिला, शाई वाळू दिली, आणि आदल्या आणि पुढच्या वर्षांवर बोट ठेवून पाहिले. तो दोन्हींच्या मधोमध बसत होता. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी माझ्या नकाशावरचा दहा खोडला आणि शेजारी सिफर लिहिले.

"सर, आता खरं सांगितलं, त्याचं काहीच न्हाई का?" मी विचारले. थट्टेने विचारले असे मला वाटत होते.

मास्तरांनी प्रश्न गंभीरपणे घेतला.  "उशिरा आलेल्या पोराला मार्क भेटत न्हाई," ते म्हणाले. "हजेरी भेटते." आणि नकाशाच्या कोपऱ्यात, माझ्या नावापुढे, त्यांनी लिहिले: हजर.

चहा आला तो त्यांनी उभ्याने प्यायला. गाठोडे बांधले. कोष्टकात अजून चार घरे रिकामी होती.

"इथं हायकोर्टात एक त्रेसष्ट असतो म्हणतात," ते म्हणाले. "रस्ता सांग."